क्रूझचं बुकिंग करताना खोली कशी निवडली: माझा अनुभव

क्रूझ म्हटलं की लोक स्विमिंग पूल, शो आणि जेवणाचं विचारतात. आमच्या गावात तर एकच प्रश्न: "जहाज हलते काय वो?" त्याचं उत्तर पुढे देते. माझा सगळ्यात जास्त वेळ गेला तो खोली ठरवण्यात, आणि सगळ्यात जास्त उपयोगही त्याचाच झाला. म्हणून हे जरा सविस्तर लिहिते.

आमचं गाव धामणगाव रेल्वेपासून आत. जाणारे आम्ही पाच जण: मी, हे, दोन मुलं आणि सासूबाई. कापूस, तूर विकून झाली होती, मुलांच्या परीक्षा आटोपल्या होत्या आणि बियाण्या-खताची धावपळ सुरू व्हायला अवकाश होता. एप्रिलअखेरीस घरात बसून उकडण्यापेक्षा मुंबई-गोवा-मुंबई करू, असं ठरलं. जहाज कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीचं 'एम्प्रेस'. हे मुळात 1990 साली फ्रान्समध्ये रॉयल कॅरिबियनसाठी बांधलेलं, तेव्हाचं नाव 'नॉर्डिक एम्प्रेस'. लांबी 211 मीटर, मजले 11, खोल्या 800च्या आसपास. वय सांगण्याचं कारण आहे. आजकालच्या नव्या जहाजांवर बाल्कनीच्या खोल्यांची रांगच्या रांग असते. त्या काळच्या जहाजांवर बाल्कनी मोजक्याच, आणि त्याही महागड्या सुइटना. बाकी खोल्या दोन प्रकारच्या. एक इंटिरियर, म्हणजे बिनखिडकीची. दुसरी ओशन व्ह्यू, म्हणजे खिडकीची. पण ती खिडकी उघडत नाही, नुसतं बाहेर पाहायचं.

जिल्ह्याच्या गावातला एजंट सारखा "मॅडम, सी व्ह्यूच घ्या" म्हणत होता. त्याचं कोटेशन हातात आल्यावर मी एकेक आकडा वेगळा मागितला: भाडं किती, पोर्ट चार्जेस किती, सर्व्हिस चार्ज किती, जीएसटी किती. बोललेला आकडा आणि हे सगळं धरून झालेला आकडा यांत चांगलाच फरक निघाला. त्याने तो आधी सांगायला हवा होता. तुम्हीही शेवटचा आकडा लिहूनच घ्या.

आता खोलीचं गणित. एका खोलीत जास्तीत जास्त चार जण. त्यातले दोघं खालच्या पलंगांवर आणि उरलेले भिंतीतून उघडणाऱ्या वरच्या बर्थवर, शिडीने चढून. आम्ही पाच, म्हणजे दोन खोल्या आल्याच. सासूबाईंचे गुडघे दुखतात, रात्री त्यांना उठावं लागतं, त्यामुळे वरची बर्थ त्यांच्या वाट्याला येता कामा नये. मुलगी सासूबाईंबरोबर, मुलगा आमच्याकडे वरच्या बर्थवर, असं ठरवलं. पोराला तर तीच हवी होती. खिडकीचे पैसे वाचवून दोन्ही खोल्या इंटिरियर घेतल्या, पण तीन अटी घालून: समोरासमोर असाव्यात, लिफ्टजवळ असाव्यात आणि जहाजाच्या मधोमध, खालच्या मजल्यावर असाव्यात. डेकचा नकाशा मागितला की मिळतो. त्यावर बोट ठेवून खोल्या मागा. 211 मीटर लांबीच्या जहाजात खोली टोकाला आली, तर गुडघेदुखीच्या माणसाचं जेवायला जाणं म्हणजे रोजची वारीच.

मधोमध आणि खाली ही अट हलणं कमी जाणवावं म्हणून. जहाज पुढेमागे झुलतं तेव्हा टोकं जास्त वरखाली होतात, मधला भाग कमी. उंचावर डुलणं जास्त जाणवतं. पाण्याखाली दोन्ही बाजूंना स्टॅबिलायझर नावाचे पंख असतात, तेही डुलणं कमी करतात. आमची मुलगी चिखलदऱ्याच्या घाटात प्रत्येक वेळी ओकते, म्हणून डॉक्टरांना विचारून उलटीची गोळी घेतली होती. जहाज सुटायच्या आधी दिली. तिला काही झालं नाही. आमच्या ह्यांना मात्र पहिल्या संध्याकाळी जरा गरगरलं. ते वरच्या डेकवर जाऊन क्षितिजाकडे पाहत बसले, तेव्हा कुठे बरं वाटलं. तर हो, जहाज हलतं. एसटीइतकं नाही.

वेब चेक-इन आधी करावं लागतं. त्यात ओळखपत्र अपलोड करा आणि बोर्डिंगची वेळ घ्या. तिकिटावरचं नाव आधारशी अक्षरन् अक्षर जुळतंय का, हे बुकिंगच्याच दिवशी पाहा, मुलांचंसुद्धा. मूळ आधार कार्ड हातातल्या पिशवीत.

विदर्भ एक्सप्रेसने सकाळी सीएसएमटीला उतरलो. तिथून बॅलार्ड पिअर, म्हणजे जहाज सुटतं ते टर्मिनल, टॅक्सीने अगदी जवळ. पण बोर्डिंग दुपारचं, तोवर वेटिंग रूममध्येच आवरलं. टर्मिनलवर मोठ्या बॅगांना खोलीनंबरचे टॅग लावून त्या ताब्यात घेतात आणि नंतर खोलीच्या दाराशी आणून ठेवतात. मधले काही तास बॅग तुमच्याजवळ नसते. बीपीच्या गोळ्या, चष्मा, मुलांचा एकेक जोड, पोहण्याचे कपडे हे सगळं खांद्यावरच्या पिशवीत असू द्या. घरचं खाणं नेता येत नाही. सासूबाईंनी बांधलेला जवसाच्या चटणीचा डबा मी धामणगावलाच दिरांच्या हाती परत पाठवला होता, त्यामुळे तपासणीत अडलो नाही. इस्त्री, किटली, मेणबत्ती, एक्स्टेन्शन बोर्डही बंद. समुद्रात आग लागली तर बाहेरून बंब यायचा नाही, म्हणून ही कडक शिस्त.

खोली छोटी. दोन पलंग, आरसा असलेलं टेबल, कपाट आणि पलंगांमध्ये एक माणूस उभा राहील एवढी जागा. रिकाम्या बॅगा पलंगाखाली सरकतात. बाथरूमला उंच उंबरठा असतो, सासूबाईंना तो दोनदा दाखवून ठेवला. आत शॉवर आहे, पण बादली-मग नाही, म्हणून एक प्लास्टिकचा मग घरूनच नेला. कमोडचा फ्लश हवेच्या दाबाने ओढतो आणि असा काही खस्सकन आवाज होतो की मुलगी पहिल्यांदा बाहेरच पळाली. प्लगचा सॉकेट आपल्यासारखा असेल असं धरू नका, युनिव्हर्सल अडॅप्टर ठेवा.

बिनखिडकीच्या खोलीतली एक गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. दिवा मालवला की ठार अंधार, दिवस आहे की रात्र काही कळत नाही. सासूबाईंना आयुष्यभर उजेडावरून वेळ कळत आलेली. रात्री अडीचच्या सुमारास त्यांनी आमचं दार वाजवलं. आंघोळ झालेली, वेणी घातलेली, कुंकू लावलेलं, हातात जपमाळ. "काहून वं पोरी, चहाले नाही यायचं का?" म्हणाल्या. त्यांना परत निजवलं आणि माझं घड्याळ त्यांच्या उशाशी ठेवलं. बाथरूमचा दिवा चालू ठेवून दार किंचित उघडं ठेवलं. मुलं मात्र त्या अंधारात खुशाल लोळत पडली होती.

जहाजावर चढल्यावर मस्टर ड्रिल टाळता येत नाही. भोंग्याचे सात छोटे आणि एक लांब आवाज झाले की आपल्या ठरलेल्या जागी जमायचं, लाइफ जॅकेट कसं घालायचं ते पाहायचं. काही लोक कुरकुरत होते, पण या ड्रिलमागे कारण आहे. 1912 साली टायटॅनिक बुडाल्यावर 1914 मध्ये समुद्रावरच्या सुरक्षेचा आंतरराष्ट्रीय करार झाला. आणि 2012 साली इटलीत कोस्टा कॉनकॉर्डिया खडकाला लागून कलंडलं, 32 माणसं गेली, तेव्हा नव्याने चढलेल्या कित्येक प्रवाशांची ड्रिल व्हायचीच होती. त्यानंतर जहाज सुटण्याआधी किंवा सुटताच ही ड्रिल घेणं बंधनकारक झालं. मुलाला हे सांगितल्यावर तो घरच्या सगळ्यांना जमायची जागा पाठ करून घेत फिरला.

खोलीचं कार्ड हीच किल्ली आणि तेच पाकीट. जेवण, चहा, शो, पूल हे भाड्यात आलं. दारू, कॅसिनो, फोटो, स्पा वेगळं. मुलांच्या कार्डांवर खर्च बंद करता येतो का, हे काउंटरवर आधीच विचारा. शाकाहारी आणि जैन जेवण भरपूर. सासूबाईंचा अभिप्राय: "वरण बरं हाय, भाजीले तिखट नाही." पूल आपल्या तालुक्याच्या पोहण्याच्या टाक्यापेक्षा लहान आणि दुपारी पोरांनी गच्च, म्हणून आम्ही सकाळी नाश्त्याआधी जायचो. गोव्यात जहाज मुरगावला लागतं. वास्को तिथून जवळ, पण कलंगुटच्या बाजूला जायचं तर बराच वेळ लागतो. सासूबाई तर उतरल्याच नाहीत, रिकाम्या डेकवर मजेत बसल्या.

किनारा सुटला की नेटवर्क जातं. फोन फ्लाइट मोडवर टाकाच. जहाजाचं सॅटेलाइट नेटवर्क आपोआप पकडलं, तर रोमिंगचं बिल जड जातं.

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा दाराबाहेर ठेवायच्या असतात, दुसऱ्या दिवशी घालायचे कपडे तेवढे आत ठेवून. कार्डावरचा हिशोब त्याच रात्री काउंटरवर तपासून घ्या, सकाळी तिथे झुंबड असते. परतीचं तिकीट आम्ही संध्याकाळच्या विदर्भ एक्सप्रेसचं काढलं होतं. जहाजातून उतरायला, बॅगा ओळखून घ्यायला सकाळ जाते, दुपारच्या गाडीची धास्ती कशाला? बॅगांना कुलपं होती, त्यामुळे क्लोकरूममध्ये घेतल्या, आणि गाडी लागेपर्यंत सासूबाईंना मुंबादेवीचं दर्शनही घडलं.