बालेवाडी रेंजची वारी: एअर पिस्तूलचे 600 पैकी 540 चे 555 करायचे असतील तर

बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडा संकुलात सामन्याला जाणाऱ्यांनी सगळ्यात आधी निघायची वेळ ठरवावी. पुणे स्टेशनपासून अंतर साधारण 15 किलोमीटर, पण सकाळी हिंजवडीच्या गर्दीत सापडलात तर तास कुठे गेला कळत नाही. पहिला रिले, म्हणजे नेमबाजांची पहिली तुकडी, असेल तर आदल्या रात्री बाणेर-बालेवाडीतच मुक्काम करा. धावतपळत आलेल्या नेमबाजाची नाडी रिले सुरू होईपर्यंत खाली येत नाही, आणि ते थेट पुढच्या साईटवर, म्हणजे नळीच्या टोकावरच्या नेम धरायच्या खुणेवर दिसतं.

1994 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारलेलं हे संकुल. स्वप्नील कुसाळेने 2024 ला पॅरिसमध्ये रायफलचं कांस्य मिळवलं, त्याचा सराव इथलाच. नवख्यांना त्याचंच दडपण येतं. लेनवर उभं राहिलात की लक्ष्य मात्र घरच्या रेंजसारखंच, 10 मीटरवर आणि दहा गुणांचं वर्तुळ 11.5 मिलिमीटरचं.

साहित्य तपासणीत अडकणारे दरवेळी दोन-चार असतातच. ट्रिगर ओढायला किमान 500 ग्रॅमचा जोर लागला पाहिजे. घरी काट्यावर बरोबर 500 लावून येऊ नका, प्रवासात स्क्रू हलतो; 515-520 ठेवा. पिस्तुलाचं वजन 1500 ग्रॅमच्या आत हवं. ग्रिपवर (मुठीवर) पुट्टी चढवली असेल तर तळहाताखालची फळी 90 अंशांपेक्षा आत वळलेली चालत नाही. बूट घोट्याच्या खालचे. नळीत सेफ्टी फ्लॅग (पिस्तूल रिकामं असल्याची रंगीत खूण) नसेल तर पिस्तूल पेटीबाहेर काढायचंच नाही.

पिस्तुलाच्या हवेच्या सिलिंडरवरची मुदत वाचा, बहुतेकांची 10 वर्षांची असते. भरायचा अॅडॉप्टर स्वतःचा न्या, प्रत्येक कंपनीचे आटे वेगळे. वॉल्व्ह हळूहळू उघडा. घाईने भरलेला सिलिंडर हाताला गरम लागतो; काटा 200 बार दाखवतो आणि थंड झाल्यावर तोच 180 च्या आसपास येतो. बंद गाडीत उन्हात सिलिंडर ठेवणं तर निव्वळ वेडेपणा.

आता गुणांचं. 540 म्हणजे शॉटमागे 9, 555 म्हणजे 9.25. फरक 15 गुणांचा, म्हणजे दर चौथ्या शॉटला एक गुण. जास्त दहा मारायच्या नादात बहुतेक जण अडकतात. खरी गळती सातांची असते: पाच सातांच्या जागी पाच नऊ आले की तिथेच 10 गुण जमा. सात पडतो तो हात थकल्यावरही न सोडलेल्या शॉटचा. पिस्तूल लक्ष्याखालच्या पांढऱ्या भागात स्थिरावलं की 6 ते 8 सेकंदांत शॉट सुटला पाहिजे. दहाव्या सेकंदाला हात खाली घ्या, लाज वाटायचं कारण नाही.

वेळ भरपूर असतो. 60 शॉटना 75 मिनिटं, त्याआधी तयारी आणि साईटिंगची (गुण न धरता मारायच्या सरावाच्या शॉटची) 15. शॉटमागे 45 सेकंद धरले तरी अर्धा तास उरतो. दर 15-20 शॉटनंतर पिस्तूल टेबलावर ठेवा, पाणी प्या, स्कोअरच्या स्क्रीनकडे बघत बसू नका.

साईटिंगची पहिली दोन मिनिटं एकही पेलेट न मारता घालवा. डोळे मिटून हात उचला, मग उघडा. साईट लक्ष्याच्या डावी-उजवीकडे दिसली तर मनगट वळवू नका, मागचा पाय सरकवा. शॉट आडवे पसरत असतील तर बहुधा पायांचं चुकतंय. उभे पसरत असतील तर मनगट सैल पडतंय. उजव्या हाताच्या नेमबाजाचे शॉट खाली डावीकडे जाऊ लागले की समजायचं, बोट ट्रिगरला झटका देतंय. अशा वेळी साईटचे क्लिक (नेम सरकवायच्या स्क्रूचे टप्पे) फिरवणारे पुढचा चांगला शॉटही घालवतात. क्लिक फिरवायचे ते सगळा गट एकत्र सरकला तरच.

पावसाळ्यात तळहाताला घाम येतो, मॅग्नेशियमची पूड जवळ ठेवा. पण ग्रिपवर थर साचू देऊ नका, पकड बदलते.

निकाल लागला की यादीतले आपले गुण लगेच ताडून बघा, हरकतीची मुदत फार थोडी असते. प्रमाणपत्राची प्रत जपून ठेवा. राज्य स्पर्धेतून पुढच्या फेऱ्यांना जायला लागणारे किमान गुण त्या-त्या वर्षीच्या परिपत्रकातच बघा, मित्राच्या तोंडी आकड्यावर प्रवेश शुल्क भरू नका.