तुम्ही विचारलंत म्हणून: ‘वर येणाऱ्या’ एरियात भाड्यासाठी फ्लॅट घ्यावा का?

हा प्रश्न मला सारखा येतो, आणि बहुतेक वेळा विचारणाऱ्याने टोकन द्यायचं ठरवलेलंच असतं, त्याला फक्त कुणाकडून तरी ‘हो’ ऐकायचं असतं. एरिया वर येतोय, स्टेशन होणारे, रस्ता रुंद होणारे, आत्ता घेतला तर स्वस्तात पडेल आणि भाड्यातून हप्ता सुटेल, असं साधारण सगळ्यांचं गणित.

पण किंमत आणि भाडं ही दोन वेगळी प्रकरणं आहेत. किंमत ठरते पुढे काय होईल या आशेवर, भाडं ठरतं आज तिथे राहायला येणाऱ्याच्या पगारावर. पाच वर्षांनी होणाऱ्या स्टेशनचे पैसे भाडेकरू आज का देईल, त्याला उद्या सकाळी कामावर पोचायचंय. म्हणून अशा भागात किंमत पुढे पळते आणि भाडं मागे राहतं.

किंमत १०० धरा, वर्षाचं भाडं ४. कर्ज ८० काढलंत, ८ टक्क्यांनी, तर पहिल्या वर्षाचं नुसतं व्याजच ६.४ च्या आसपास, मुद्दल वेगळंच. त्या ४ मधून मेंटेनन्स, टॅक्स, दुरुस्ती जाणार, आणि वर्षात एक महिना जरी फ्लॅट रिकामा राहिला तरी भाड्यातले ८ टक्क्यांहून जास्त गेलेच. उरलेलं खिशातून, आणि ते किती वर्षं हे तुमच्या हातात नाही. लंडनची एलिझाबेथ लाइन ही रेल्वे डिसेंबर २०१८ मध्ये सुरू होणार होती, मधला मुख्य भाग उघडला मे २०२२ मध्ये. बँक तेवढं थांबत नाही.

नील स्मिथ या भूगोलतज्ज्ञाने १९७९ मध्ये ‘रेंट गॅप’ची मांडणी केली, म्हणजे जागेतून आज जे मिळतंय आणि चांगल्या वापरातून जे मिळू शकतं त्यातलं अंतर, ते वाढलं की पैसा तिकडे वळतो. हे अंतर खिशात घालणारा मात्र आधीच येऊन गेलेला असतो. एजंटपासून ऑफिसातल्या सहकाऱ्यापर्यंत सगळेच ‘एरिया वर येतोय’ म्हणायला लागले की विकणाऱ्याने पुढच्या वाढीचे पैसे किमतीत लावलेच म्हणून समजा.

आणि आजूबाजूची मोकळी जमीन, ती तर कुणी बघतच नाही! तिथे उद्या टॉवर उभे राहणार, त्यातले निम्मे फ्लॅट तुमच्यासारख्याच भाड्यावर डोळा ठेवून घेतलेल्यांचे, पझेशन सगळ्यांना एकदमच, मग एकाच बिल्डिंगमधले मालक एकाच महिन्यात भाडेकरू शोधणार आणि भाडेकरू निवांत घासाघीस करणार, एसी लावून द्या, कपाटं करून द्या. चारही बाजूंनी भरलेल्या जुन्या वस्तीतला फ्लॅट दिसायला साधा असतो पण रिकामा कमी राहतो, मला तर तोच जास्त आवडतो.

तरी घ्यायचाच असेल तर आधी भाडेकरू बनून दोन-तीन एजंटना फोन करा. घेणाऱ्याला सांगितलेलं भाडं आणि भाडेकरूला सांगितलेलं भाडं यात केवढा फरक पडतो ते तुम्हीच ऐका (हे कुणालाच आवडत नाही, पण अर्ध्या तासाचं काम आहे). रात्री नऊच्या सुमारास चक्कर मारून किती खिडक्यांत दिवे आहेत ते बघा. पाणी, बस, दवाखाना आज चालू आहे का ते विचारा, होणार आहे ते सोडून द्या.

स्टेशन झालंच नाही असं धरून, आजच्या खऱ्या भाड्यावर, वर्षात एक-दोन महिने रिकामे धरूनही खिशातून घालायची रक्कम झेपत असेल, तर घ्या की. सहा महिन्यांचे हप्ते बाजूला ठेवा, शक्यतो लहान फ्लॅट बघा कारण तो लवकर जातो, आणि वरच्या मजल्यावरचा असेल तर सही करायच्या आधी एकदा भर पावसाळ्यात जाऊन छत बघून या.