पुसलेलं नोझल

पायानं पंप मारायचं जुनं जेट इंजेक्टर, म्हणजे सुईविना, दाबाच्या फवाऱ्यानं लस कातडीतून आत घालणारं यंत्र, कपाटातून बाहेर निघालं ते रांगेच्या धास्तीनं. लसीकरणाची मोहीम तोंडावर आली होती आणि हे यंत्र तासाला हजाराच्या घरात माणसं टोचतं हे खरं आहे. पश्चिम आफ्रिकेत आणि ब्राझीलमध्ये देवी हटवताना ते भरपूर वापरलं गेलं. "सुईच नाही, तर संसर्ग येईल कुठून?" सिस्टरांनी मनापासून विचारलं. मी तोंडी उत्तर देण्याऐवजी टेबलावर चाचणी मांडली.

100 मिली पाण्यात 10 ग्रॅम जिलेटिन, त्यात अतिनील प्रकाशात हिरवा चमकणारा फ्लुरोसीन हा रंग, रात्रभर फ्रिजमध्ये घट्ट केलेलं. ही 'बाधित' माणसाची कातडी. यंत्रात साधं सलाईन. नोझल काटकोनात टेकवून 0.5 मिलीचा एक फवारा जिलेटिनमध्ये आणि लगेच पुढचा रिकाम्या काचेच्या कुपीत. खोलीत अंधार करून अतिनील दिवा लावला. कुपी हिरवी चमकली. भिंगाखाली नोझल धरलं तर तोंडाभोवती बारीक हिरव्या थेंबांचं कडं होतं.

सुमारे 0.15 मिमी छिद्रातून द्रव सेकंदाला शंभर मीटरहून जास्त वेगानं निघतो आणि कातडी भेदतो. तेवढा द्रव तितक्या लवकर आत मावत नाही, म्हणून काही भाग उलटा उसळतो आणि येताना रक्त, पेशीद्रव घेऊन येतो. फवारा संपला की दाब कोसळतो. तोंडाशी अडकलेला थेंब छिद्रात आत ओढला जातो. तो पुढच्या माणसाच्या मात्रेबरोबर सुटतो. हात हलला तर कातडी चिरते आणि रक्त आणखी येतं.

मग स्पिरिटच्या बोळ्यानं नोझल पुसलं, नेहमी पुसतात तसं, एकदा. तोंड लख्ख दिसलं. पुढच्या कुपीत मात्र फिकट हिरवी झाक राहिली. बोळा बाहेरचा पृष्ठभाग पुसतो, छिद्राच्या आत पोहोचत नाही. त्यापुढच्या कुपीत काहीच दिसलं नाही आणि खोलीतल्या सगळ्यांनी सुस्कारा सोडला.

मला त्यांना तिथंच थांबवावं लागलं. हिपॅटायटिस बीच्या विषाणूंचं प्रमाण जास्त असलेल्या माणसाच्या रक्तात 1 मिलीमागे 100 कोटी विषाणू असू शकतात. म्हणजे 10 पिकोलिटर (मिलीच्या दहा कोटीव्या भागाएवढ्या) रक्तात साधारण 10. इतकं रक्त 0.5 मिलीमध्ये मिसळलं की ते पाच कोटी पट पातळ होतं. ते डोळ्यांना दिसणं अशक्य. चमकलेली कुपी दोष दाखवते. न चमकलेली कुपी निर्दोषत्व सिद्ध करत नाही. शिवाय हा विषाणू कोरड्या पृष्ठभागावर किमान सात दिवस तग धरतो.

कॅलिफोर्नियातल्या वजन घटवण्याच्या एका क्लिनिकमध्ये 1984-85 मध्ये अशाच यंत्रामुळे 31 जणांना हिपॅटायटिस बी झाला. ज्यांना फक्त सिरिंजनं इंजेक्शन मिळालं होतं त्यांच्यात लागण आढळली नाही. अमेरिकी सैन्यानं 1997 मध्ये ही यंत्रं वापरातून काढली.

"दोन माणसांच्या मधे एक फवारा वाया घालवला तर?" एका सहकाऱ्यानं विचारलं. लस फुकट जाईल आणि खात्री तरीही मिळणार नाही. नोझलवर बसवायच्या, एकदा वापरून टाकायच्या टोप्यांचाही प्रयोग झालाय: हिपॅटायटिस बीच्या वाहकांवर घेतलेल्या चाचणीत टोपी असूनही पुढच्या सुमारे 8 टक्के नमुन्यांत विषाणू सापडला. द्रव ज्या वाटेनं जातो ती वाटच प्रत्येक माणसागणिक नवी हवी.

म्हणून एकदा वापरायची सिरिंज बसणारं इंजेक्टर घेतलं. कुपीवर अडॅप्टर, सिरिंज भरणं, बुडबुडा काढणं, सिरिंज यंत्रात बसवणं, काटकोनात टेकवून दाबणं, सिरिंज कचरापेटीत. ही सिरिंज एकदा सुटली की पुन्हा भरता येत नाही. टोचल्यावर कातडी बरीच ओली राहिली तर मात्रा पूर्ण गेलेली नसण्याची शक्यता असते, अनेकदा हात तिरका असतो. रक्ताचा थेंब तिथंही येतो, म्हणून यंत्राचा पुढचा भागही पाहायचा आणि डाग दिसला की पुसून मगच पुढच्या माणसाला घ्यायचं.

वेग हजारावरून खाली येतो हे मी लपवलं नाही. सिरिंजा भरायला एक माणूस जास्त लागेल, असं मागणीपत्रात लिहिलं आणि जुन्या यंत्राला लाल चिठ्ठी बांधली.