ठराव: खिडकीवरचं पोळं आजच काढावं

दिवाळीच्या सुट्टीला आठवडा राहिला होता. शनिवार, सकाळची शाळा. तालुक्याच्या वादविवाद स्पर्धेसाठी नववीचा सराव ठेवला होता आणि ठराव मी आठवडाभर आधीच फळ्यावर लिहून ठेवला होता: 'फटाक्यांवर संपूर्ण बंदी घालावी.' दुसरा ठराव त्या सकाळी नऊ वाजेपर्यंत कुणाच्या डोक्यातही नव्हता.

सरावाची आमची पद्धत साधी आहे. ठराव आधी कळतो, बाजू मात्र वीस मिनिटं आधी चिठ्ठीने ठरते. बाजू आधी सांगितली की मुलं घरून भाषण पाठ करून येतात आणि समोरच्याने अनपेक्षित काही म्हटलं की पाठ केलेलं तसंच पुढे रेटतात. वक्त्याला चार मिनिटं, तिसऱ्या मिनिटाला इशारा घंटा. मग प्रत्येक बाजूला खंडनासाठी दोन मिनिटं. ऐकणाऱ्याने वहीचा कोरा कागद उभा घडी घालून चार रकाने करायचे: ते काय म्हणाले, कशाच्या आधारावर, आमचं उत्तर, त्यावर त्यांचं उत्तर. चौथा रकाना बहुतेकांचा रिकामा राहतो. वाद खरा त्या रकान्यात असतो, पण तिथवर पोचेपर्यंत घंटा होते. पहिली चाळीस-पन्नास सेकंदं 'सन्माननीय व्यासपीठ, परीक्षक गुरुजन आणि माझ्या बालमित्रांनो' यातच गेलेली असतात. मी ते सरावात बंद केलंय. स्पर्धेत मुलं पुन्हा करतात.

फटाक्यांचा वाद व्हायचा तसाच झाला. बंदीच्या बाजूच्या मुलीने नियमातला आकडा बरोबर आणला होता: फटाका फुटतो त्या जागेपासून ४ मीटरवर १२५ डेसिबलपेक्षा जास्त आवाज चालत नाही. निवासी भागाची दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे, हेही तिला माहीत होतं. मग म्हणाली, "म्हणजे फटाका दुपटीपेक्षा जास्त मोठा." ही चूक दरवर्षी होते. डेसिबल बेरजेने चढतो, आवाजाची ऊर्जा गुणाकाराने. १० डेसिबल वाढले की ऊर्जा दहापट होते. इथे फरक ७० चा, म्हणजे एक कोटी पट. त्यातही १२५ हा क्षणाचा धमाका आहे आणि ५५ ही दिवसभराची सरासरी, त्यामुळे दोन्ही आकडे शेजारी ठेवणंच मुळात वाकडं. विरोधी बाजूला यातलं एक जरी पकडता आलं असतं तरी खंडन तिथेच जिंकलं होतं. कुणी पकडलं नाही.

विरोधी बाजूचा पहिला वक्ता म्हणाला, "आता हरित फटाके आलेत, त्यांनी प्रदूषण होत नाही." हेही चूक. नागपूरच्या 'नीरी' या पर्यावरण संशोधन संस्थेने बनवलेल्या या फटाक्यांत धूलिकण सुमारे ३० टक्के कमी होतात. कमी होतात, जात नाहीत. खोक्यावर 'नीरी'चं चिन्ह आणि क्यूआर कोड असतो, तो बघून घ्यायचा. मागच्या बाकावरून कुणीतरी "हरित म्हणजे हिरवा उजेड देणारा का?" असं विचारलं आणि वर्ग हसला, पण प्रश्न चांगला होता. हिरवा रंग येतो बेरियमच्या क्षारांमुळे, आणि नेमके तेच सर्वोच्च न्यायालयाने फटाक्यांत बंद केलेत. २३ ऑक्टोबर २०१८ च्या त्याच निकालात दिवाळीला रात्री ८ ते १० ही वेळ ठरली आणि फटाक्यांच्या माळांवर बंदी आली. माळ बंद आहे हे ऐकून अर्धा वर्ग चकित झाला. गेल्या दिवाळीची हजाराची माळ सगळ्यांना आठवत होती.

सगळ्यात नेमकं बोलला तो ज्याच्या काकांचा दर दिवाळीला फटाक्यांचा स्टॉल असतो. चिठ्ठीत त्याच्या वाट्याला बंदीची बाजू आली होती. तोंड वाकडं करून उठला आणि त्याने थेट परवान्याच्या अटी मांडल्या: तात्पुरती दुकानं न पेटणाऱ्या साहित्याची हवीत, दोन दुकानांत किमान ३ मीटर अंतर, घर-शाळेसारख्या संरक्षित बांधकामापासून ५० मीटर, दुकानं समोरासमोर नकोत, आत तेलाचा दिवा किंवा उघडी ज्योत नको, एका ठिकाणी पन्नासपेक्षा जास्त दुकानं नकोत. "आणि बाजारात बघा," तो म्हणाला, "दोन स्टॉलच्या मधे भेळेची गाडी उभी असते. शेगडीसकट." दिवसभरात टाळी पडली ती त्यालाच.

बाकी सगळं हवेत होतं. 'पर्यावरणाचा ऱ्हास', 'आपली संस्कृती', 'मुक्या प्राण्यांचे हाल'. बंदी घालायची तर कुणी, कुठे, कधीपासून, हे एकदाही आलं नाही. दोष मुलांचा नाही, माझ्या ठरावाचा. 'संपूर्ण बंदी घालावी' या वाक्याला कर्ताच नाही. 'आपल्या गावात फटाके फक्त शाळेच्या मैदानावर, ८ ते १० मध्येच वाजवावेत' असा ठराव दिला असता तर मैदानाला लागून असलेल्या दवाखान्याचं काय, हे दुसऱ्याच वाक्यात निघालं असतं.

शेवटचं खंडन चालू असताना वाऱ्याने खिडकीचं दार आपटलं. खिडकीजवळची मुलगी वर बघून म्हणाली, "बाई, त्या सगळ्या पंख वर करून उभ्या राहिल्यात."

लिंटेलच्या, म्हणजे खिडकीवरच्या सिमेंटच्या पट्टीच्या खाली गांधीलमाश्यांचं पोळं होतं. तळहाताएवढं, राखाडी, कागदासारखं, एका बारीक देठावर लोंबकळणारं, उघडी घरं खाली तोंड करून. वर पंचवीस-तीस माश्या. अंग उचलून पंख ताठ करणं हा त्यांचा इशारा असतो. या वेळी हात झटकायचे नाहीत, ओरडायचं नाही, वाकून सावकाश दूर व्हायचं. खिडकीकडच्या दोन रांगा आधी उठवल्या, मग बाकीचा वर्ग, आणि सगळे समोरच्या प्रयोगशाळेत जाऊन बसलो. तिथून खिडकी दिसत होती. फळ्यावर नवा ठराव लिहिला, चिठ्ठ्या टाकल्या. तयारीला फक्त दहा मिनिटं.

मी मधे पडायच्या आत एका मुलीने विचारलं, "आधी ठरवा, हे नक्की काय आहे?" वादविवादात याला व्याख्या म्हणतात आणि मुलं ती गाळतात, कारण गुण दिसत नाहीत. इथे मात्र सगळं व्याख्येवरच अवलंबून होतं. आग्या मोहोळ असतं तर वादच नको, सगळ्यांना लांब न्यायचं आणि माहीतगार माणसाला बोलवायचं. कुंभारणीचं मातीचं घर असतं तर वादाची गरज नाही, ती एकटी राहते आणि सहसा डंख करत नाही. मेणाऐवजी कागद आणि एकच देठ, म्हणजे गांधीलमाशी. लाकडाचे तंतू चावून, थुंकी मिसळून त्या हा कागद बनवतात.

काढा म्हणणाऱ्यांचा मुद्दा सरळ होता. बाकापासून पोळं दोन मीटरवर, खिडकी रोज उघडते, आणि गांधीलमाशीच्या नांगीला मधमाशीसारखे उलटे काटे नसल्याने ती अडकत नाही, एकच माशी पुन्हा पुन्हा डंख करते. राहू द्या म्हणणाऱ्यांनी परसबागेतली कोबी पुढे केली. पिल्लांना भरवायला या माश्या अळ्या पकडून चावून नेतात. एकजण तर उंबरापर्यंत गेला: उंबर फोडला की आत दिसणारी चिलटं याच मोठ्या कुळातली, ती नसतील तर उंबराला बी धरत नाही. खरं आहे, पण खिडकीवरच्या माशीशी त्याचा संबंध नाही, आणि समोरच्या मुलीने ते लगेच दाखवून दिलं. चौथा रकाना पहिल्यांदा भरला.

तेवढ्यात शाळेचे शिपाई मामा आले. कुणीतरी मुख्याध्यापकांना कळवलं होतं आणि मामांच्या हातात बांबू, टोकाला रॉकेलमध्ये बुडवलेलं गोणपाट. सकाळी भेळेच्या शेगडीवर बोललेला मुलगा दारात जाऊन उभा राहिला. "मामा, पाच मिनिटं थांबा, अजून ठरलं नाही." मामा माझ्याकडे बघायला लागले. मी काही बोलले नाही. मग त्यांनी बांबू भिंतीला लावला आणि खाली टेकले. "बरं, ठरवा."

दिवसाउजेडी टेंभा लावण्यात काय काय बिघडतं हे दोन्ही बाजूंनी मिळून काढलं, आणि मामाही त्यात सामील झाले. दिवसा बऱ्याच माश्या बाहेर असतात, त्या परतून त्याच जागेवर पुन्हा जमतात. बांबू लागला की पोळं पडतं आणि माश्या वर्गभर होतात. खिडकीचे पडदे नायलॉनचे. आणि धुराने मधमाशी शांत होते, कारण ती पोटात मध भरून घेते. गांधीलमाशीकडे मधाचा साठाच नसतो, त्यामुळे त्या भरवशावर राहता येत नाही.

वाद बरोबरीत होता. तेव्हा गुणलेखक म्हणून बसवलेला मुलगा, ज्याला बोलायचंच नव्हतं, पेन खाली ठेवून म्हणाला, "मला गेल्या वर्षी मधमाशी चावली तेव्हा ओठ सुजले होते. अंगावर पित्त उठलं, श्वास लागला. ग्रामीण रुग्णालयात मांडीत इंजेक्शन दिलं."

तो खिडकीशेजारच्या रांगेत बसायचा. जून महिन्यापासून.

चावलेली जागा सुजणं वेगळं आणि हे वेगळं. डंखापासून लांब अंगावर गांध्या उठणं, ओठ-घसा सुजणं, श्वास लागणं, चक्कर किंवा उलटी, यातलं काहीही दिसलं की साबण-पाणी आणि बर्फ यात वेळ घालवायचा नाही, १०८ ला फोन. मांडीतलं ते इंजेक्शन बहुधा ॲड्रेनलिन असावं, आणि ते मिळायला किती मिनिटं लागतात यावर सगळं असतं. मधमाशीचं विष आणि गांधीलमाशीचं विष एक नव्हे, त्यामुळे त्याला याचाही त्रास होईलच असं नाही. पण ते डॉक्टरांनी ठरवायचं, नववीच्या वर्गाने नाही. त्याच्या घरी मी त्याच दुपारी बोलले. शाळेच्या नोंदीत हे कुठेच नव्हतं.

खंडन झालंच नाही. राहू द्या म्हणणाऱ्या बाजूच्या मुलीने उठून ठरावच बदलला: 'पोळं आजच काढावं, पण रात्री, आणि जाळू नये.' दुसऱ्या बाजूने 'वर्ग तोवर प्रयोगशाळेत' ही पुस्ती जोडली. स्पर्धेत हे चाललं नसतं. परीक्षकांनी दोन्ही बाजूंचे गुण कापले असते.

रात्री आठ वाजता मामा आणि मी. माश्या सगळ्या पोळ्यावर, अंधारात हालचाल मंद. टॉर्चला लाल जिलेटीन कागद, कारण लाल उजेड त्यांना जवळपास दिसत नाही. पांढरा टाकला तर उजेडाच्याच रोखाने येतात. रेनकोट, दोन-दोन हातमोजे, विजारीची टोकं मोज्यांत खोचलेली. रुंद तोंडाची बरणी खालून सावकाश वर नेऊन काठ लिंटेलला टेकवायचा, मग जाड पुठ्ठा काठ आणि सिमेंटच्या मधून सरकवायचा, म्हणजे देठ कापला जातो आणि झाकणही बसतं. बरणी टेकेपर्यंत देठाला धक्का लागता कामा नये. आमचा पुठ्ठा अर्ध्यात अडकला, लिंटेलचं प्लास्टर खडबडीत होतं. तेवढ्या फटीतून काही निसटल्या. मामांना मनगटावर एक डंख, मोजा वर सरकला होता तिथे. बरणी ओढ्यापलीकडच्या पडीक रानात झुडपात उघडी ठेवून आलो. असं हलवलेलं पोळं माश्या पुष्कळदा सोडून देतात, याची कल्पना होती. देठाच्या जागेवर मामांनी रॉकेलचा बोळा फिरवला.

सोमवारी खिडकी बंदच होती. काचेतून बघितलं तर देठाच्या उरलेल्या ठिपक्याभोवती सात माश्या बसलेल्या. रॉकेलचा वास उडून गेला होता. फळ्यावर कुणीतरी आधीच लिहून ठेवलं होतं: 'ठराव: राहिलेल्या सात माश्यांना राहू द्यावं.' खाली चिठ्ठ्यांचा डबा.