डनबॉयचा किल्ला आणि सासूबाईंचे सुलिव्हन

माझ्या सासूबाईंचं माहेरचं आडनाव सुलिव्हन. अमेरिकेतल्या माँटाना राज्यात ब्यूट नावाचं तांब्याच्या खाणींचं गाव आहे, तिथल्या त्या. आपण डनबॉयच्या किल्ल्याच्या सरदाराचे वंशज, ही गोष्ट त्यांच्या घरात आजोबांपासून चालत आलेली. यंदा जूनमध्ये त्यांना घेऊन आम्ही आयर्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, काउंटी कॉर्कमधल्या बेरा द्वीपकल्पात जाऊन आलो. आयरिश सोयरीक झालेली मराठी घरं आता परदेशात दिसतात, त्यांच्यापैकी कुणाला जायचं असेल तर उपयोग होईल म्हणून हे जरा तपशिलात लिहिते आहे.

सगळ्यात आधी एक सांगते. शोधाची सुरुवात किल्ल्यापासून करू नका. किल्ल्यावरून खाली उतरत स्वतःपर्यंत पोचता येत नाही. स्वतःपासून वर चढत गेलं तर निदान एखाद्या शेतापर्यंत तरी पोचता येतं.

का, ते डनबॉयच्या इतिहासातच आहे. बेराचे धनी ओसुलिव्हन बेअर घराण्यातले. १५८०च्या दशकात पुतण्या डोनल कॅम आणि काका ओवेन यांच्यात गादीवरून भाऊबंदकी पेटली. काका जुन्या आयरिश रिवाजाने निवडून आलेला, पुतण्या इंग्रजी कायद्याने वारसा मागत होता. निकाल सरकारी दरबारी लागला आणि डनबॉय पुतण्याला मिळालं. मग किन्सेलच्या लढाईत डोनल कॅम ज्यांच्या बाजूने होता त्या आयरिश-स्पॅनिश फौजा इंग्रजांपुढे हरल्या आणि जून १६०२ मध्ये इंग्रज सेनापती सर जॉर्ज कॅर्यू चार हजारांवर सैन्य घेऊन डनबॉयवर चालून आला. आत माणसं होती सुमारे १४०. किल्ला पडला, उरलेल्यांना फाशी दिलं, भिंती सुरुंगाने उडवल्या. डोनल कॅम तेव्हा किल्ल्यात नव्हता. तो वर्षअखेरीस ग्लेनगॅरिफहून हजारेक माणसं घेऊन उत्तरेकडे निघाला. त्यात बायका-मुलंही होती. भर थंडीत, वाटेत हल्ले झेलत पंधराएक दिवसांनी लीट्रिमला पोचली ती फक्त ३५. पुढे तो स्पेनला गेला आणि १६१८ मध्ये माद्रिदमध्ये मारला गेला.

म्हणजे सरदाराची मुख्य शाखा स्पेनमध्ये. मागे राहिलेले शेकडो सुलिव्हन कुळाचं आडनाव लावणारे शेतकरी, कोळी, मजूर. त्यांच्यातला कोण सरदाराचा चुलतभाऊ आणि कोण त्याची गुरं राखणारा, हे सांगणारा सलग कागद १६०२ ते १८०० या काळात सामान्य घरासाठी सापडत नाही. सासूबाईंना हे निघण्याआधीच सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, "गुरं राखणारा असला तरी चालेल, पण आमचा असू दे." तिथेच माझं निम्मं टेन्शन गेलं.

आता कागदांबद्दल. डब्लिनच्या फोर कोर्ट्समधला सरकारी अभिलेख १९२२च्या यादवीत जळाला. १८२१ ते १८५१च्या बहुतेक जनगणना त्यात गेल्या, त्यानंतरच्या चार सरकारनेच आधी नष्ट केल्या होत्या. त्यामुळे आयर्लंडचा शोध म्हणजे वळसे घेत जाणं. पण जे उरलंय त्यातलं बरंच घरबसल्या फुकट बघता येतं. १९०१ आणि १९११ची जनगणना राष्ट्रीय अभिलेखागाराच्या साइटवर मूळ फॉर्मसकट आहे. १८६४ पासूनच्या जन्म-मृत्यू-विवाहाच्या सरकारी नोंदी आणि केरी धर्मप्रांताच्या चर्चच्या नोंदवह्या सरकारच्या आयरिशजिनिऑलॉजी साइटवर मिळतात. बेरा आहे कॉर्क काउंटीत, पण चर्चच्या हिशेबात केरी धर्मप्रांतात, हे लक्षात ठेवा. नाहीतर कॉर्कच्या यादीत शोधत बसाल.

तुम्हाला हवंय ते टाउनलँडचं नाव. गावाहूनही लहान असा हा जमिनीचा एकक, देशात साठ हजारांवर आहेत. ते नाव आयर्लंडमध्ये नाही, अमेरिकेतच सापडण्याची शक्यता जास्त. मृत्यूच्या दाखल्यावर बहुधा नुसतं 'आयर्लंड' असतं. चर्चमधली लग्नाची नोंद, नागरिकत्वाचे कागद, वर्तमानपत्रातली निधनवार्ता, थडग्यावरचा मजकूर हे सगळं आधी चाळा. आमचं गाडं लग्नाच्या नोंदीने पुढे सरकलं. त्यात बेरातल्या ॲलिहिस गावाजवळच्या कॅमिंचेसचं नाव होतं.

तिथून १९११चा फॉर्म उघडला. घरात म्हातारा-म्हातारी आणि एक मुलगा. त्या वर्षी विवाहित बायकांसाठी एक रकाना होता: किती वर्षं लग्नाला झाली, किती मुलं जन्मली, किती हयात. म्हातारीच्या ओळीत नऊ आणि सहा. भाषेच्या रकान्यात आयरिश आणि इंग्रजी. सही करता येत नाही म्हणून फुली. घरात एकच मुलगा, म्हणजे हयातीतले बाकीचे पाच कुठेतरी बाहेर, आणि त्यातले एक सासूबाईंचे आजोबा. सासूबाई त्या नवाच्या आकड्याकडे बराच वेळ बघत होत्या. राजघराण्याचा विषय त्या दिवशी पुन्हा निघाला नाही.

वयावर मात्र विसंबू नका. जानेवारी १९०९ पासून सत्तरी ओलांडलेल्यांना पेन्शन सुरू झाली आणि १९०१ मध्ये साठीचा असलेला माणूस १९११ मध्ये खुशाल पंच्याहत्तरीचा होतो! याच पेन्शनसाठी वय सिद्ध करायला लोकांनी १८४१-५१च्या जनगणनेतले उतारे मागवले होते. मूळ वह्या जळाल्या, पण ते शोध-अर्ज अभिलेखागारात वाचलेत. तेही जरूर बघा.

नावांचा घोळ मोठा आहे. जेरेमाया हाच डार्बी, टिमथी हाच थेडी, ॲबिगेल हीच गोबनेट. शिवाय नोंदवह्या लॅटिनमध्ये. पण एक रिवाज कामी येतो. पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव, दुसऱ्याला आईच्या वडिलांचं. सगळेच पाळत नसत, तरी मुलांची नावं क्रमाने मांडली की आजोबांचा अंदाज येतो. बेरात सुलिव्हन इतके, की शाखांना टोपणनावं पडली: बॉन, रुआ, सीअर. टोपणनाव ठाऊक असेल तर तिथे जाताना घेऊनच जा. डीएनए चाचणीचा निकाल इथे जपून वाचा, कारण द्वीपकल्पातल्या घराण्यांत आपसात पुष्कळ लग्नं झाल्याने लांबचा नातेवाईक जवळचा दिसतो.

जमिनीसाठी १८४७ ते १८६४ दरम्यानचं ग्रिफिथचं मूल्यांकन. कुठल्या तुकड्यावर कोण कूळ, मालक कोण, आकार किती, नकाशासकट. त्यानंतर नावं खोडून नवी लिहिलेल्या वह्या आहेत, अगदी आपल्या सातबाऱ्यावरच्या फेरफारासारख्या. त्या डब्लिनला टाल्ते एरेन या जमिनीच्या नोंदी सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेच्या कार्यालयात बघता येतात, आधी वेळ ठरवून जा. डब्लिनला असाल तर किल्डेअर स्ट्रीटवरच्या राष्ट्रीय ग्रंथालयातला वंशावळ सल्ला कक्षही गाठा, सल्ला फुकट आहे. आधी केलेल्या कामाचा एक पानी तक्ता जवळ ठेवलात तर तिथल्या माणसाचा आणि तुमचाही वेळ वाचेल.

आणि किल्ला? कॅसलटाउनबेअर या बेरातल्या मुख्य गावापासून पश्चिमेला तीनेक किलोमीटरवर. रायगड-सिंधुदुर्ग डोळ्यांसमोर ठेवून गेलात तर हिरमोड होईल. उरलंय ते शेवाळलेल्या भिंतींचं जोतं आणि भोवती १६५०च्या दशकात इंग्रजांनी घातलेल्या ताऱ्याच्या आकाराच्या तटाचे उंचवटे. पलीकडे खाडी आणि बेअर बेट. वाटेत जो भव्य, ओसाड वाडा दिसतो त्यालाच लोक किल्ला समजून फोटो काढतात. तो पक्सली कुटुंबाचा, ॲलिहिसच्या तांब्याच्या खाणींचे मालक. १९२१ मध्ये आयआरए या इंग्रजांविरुद्ध लढणाऱ्या आयरिश सेनेने तो जाळला. पुढे तिथे हॉटेल करायचं घाटत होतं, पण २००८च्या मंदीनंतर काम थांबलं. कुंपण आहे, आत शिरू नका.

खरं बघायचं असेल तर ॲलिहिसला जा. जुन्या मेथडिस्ट चॅपलमध्ये खाणींचं संग्रहालय आहे, कॉर्नवॉलहून आणलेल्या खाणकामगारांसाठी बांधलेलं चॅपल ते. खाण १८१२ मध्ये सुरू झाली, तिचा धंदा बसला तसे इथले लोक थेट ब्यूटला गेले, कारण हाताला काम तेच माहीत. सासूबाईंच्या घराण्याचं सगळं स्थलांतर त्या डोंगरावरच्या इंजिनघरापाशी उभं राहिलं की एका नजरेत कळतं. मला विचाराल तर डनबॉयला तासभर पुरे, ॲलिहिसला अख्खा दिवस द्या.

कॅमिंचेसमध्ये एका शेतकरी आजोबांना फाटकाशी गाठलं. त्यांनी नाव ऐकलं आणि पहिलाच प्रश्न टाकला, "कुठले सुलिव्हन?" आम्ही टोपणनाव सांगितलं. त्यावर त्यांनी काठीने दोन बांध दाखवले आणि म्हणाले, "ते छप्पर उडालेलं, तुमचं." कागदावर तेवढं ठाम कुणी सांगितलं नव्हतं. मग चहा झालाच. असे लोक भेटायला हवे असतील तर शनिवार-रविवार टाळा, आणि खाजगी शेतात विचारल्याशिवाय पाऊल टाकू नका. फाटक उघडलंत तर मागे लावून घ्या, मेंढ्या असतात.

बाकी सोयी. भारतीय पासपोर्टला शेंगेन व्हिसा चालत नाही, अमेरिकेचं ग्रीन कार्ड असलं तरी आयर्लंडचा व्हिसा लागतोच. कॉर्क शहरातून गाडीने अडीच तास धरा. बस आहे, पण ॲलिहिस आणि वाड्यावस्त्या बसने होणार नाहीत. गाडी डावीकडून चालवायची, त्यामुळे आपल्याला सोपं, अमेरिकन नवऱ्याला अवघड; स्टिअरिंग मीच घेतलं. ऑटोमॅटिक गाडी लवकर बुक करा. रस्ते एका गाडीपुरते, समोरून कुणी आलं की जवळच्या रुंद जागेपर्यंत मागे यायचं आणि स्टिअरिंगवरून एक बोट उचलायचं. द्वीपकल्पाच्या टोकाशी असलेल्या डर्सी बेटाला जाणारा रोपवे १९६९चा, देशातला एकमेव. जोराचा वारा असला की बंद. जूनमध्येही रेनकोट आणि बंद बूट लागतात. पेट्रोल कॅसलटाउनबेअरलाच भरा.