खालची बाजू कोरी

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका छोट्या मशिन शॉपचे हिशेब मी तपासते. दोन सीएनसी म्हणजे संगणकावर चालणारे लेथ, एक ड्रिलिंग मशिन, चौदा माणसं. फाउंड्रीतून बिडाची कास्टिंग यायची, त्यावर काम करून पंपाचे भाग पुढे पाठवायचे. खानापूर रोडच्या त्या पट्ट्यात अशी शॉप गल्लोगल्ली आहेत.

मार्चअखेरचा स्टॉक मोजायला गेले, तर मालकांनी दारातच सांगितलं, "मॅडम, स्टोअरच्या मामांना सोमवारपासून येऊ नका म्हणणार आहे. इन्सर्ट जातायत."

आकडा खरा होता. इन्सर्ट म्हणजे लेथच्या हत्याराला बसवायचं, बीड कापणारं कार्बाइडचं बदलतं टोक. महिन्याला साठेक लागणारे हे इन्सर्ट तीन महिने १०५ च्या पुढे गेले होते, आणि काम तेवढंच. बिलात एकाचा दर ३१० रुपये, वस्तू नखाएवढी. कपाट मामांच्या ताब्यात, म्हणून संशय मामांवर.

मामा बावीस वर्षं तिथं आहेत, खानापूरकडून बसनं येतात. मला बघून उठून उभे राहिले. "मी एक सुद्धा नेलो नाही ओ मॅडम. पण दाखवू कसं?"

हे मला फार लागलं. खरंच, कसं दाखवणार? मामा सहाला घरी जातात. रात्रपाळीत मशिन थांबू नये म्हणून चावी कपाटाशेजारच्या खिळ्याला टांगलेली. कुणीही यावं, काढून घ्यावं, नोंद कसलीच नाही. ज्यानं नेलं नाही त्याला ते सिद्धच करता येऊ नये अशी व्यवस्था करून ठेवायची, आणि जाब मात्र त्यालाच विचारायचा. छोट्या कारखान्यांत हे मी इतक्यांदा बघितलंय की आता राग येतो.

मी एक दिवस मागून घेतला. शुक्रवार होता. भंगारवाला एक शनिवार सोडून येतो, उद्या त्याची पाळी होती, त्यामुळे दोन आठवड्यांचा बिडाचा चुरा मागच्या पिंपात तसाच होता. वाळूची चाळण घेतली आणि मामा नि मी चाळायला बसलो. दोन तासांत कोपरापर्यंत हात काळे झाले, पण चाळणीवर ४३ इन्सर्ट राहिले. मशिनवर हत्यारं लावून देणाऱ्या सेटरकडून भिंग घेतलं. पहिल्याच्या वरच्या दोन्ही धारा झिजलेल्या, टोकाचं सोनेरी कोटिंग उडालेलं. ते पुसून उलटं केलं. खाली कोटिंग झळझळीत, दोन्ही धारा कोऱ्या.

या सीएनएमजी जातीच्या इन्सर्टला चार धारा असतात, दोन वर, दोन खाली. ४३ पैकी ३८ इन्सर्टची खालची बाजू वापरलेलीच नव्हती. चोरी झालीच नव्हती. निम्मं वापरून इन्सर्ट चुऱ्यात पडत होतं आणि बिडाच्या भावानं भंगारात जात होतं. मामा काही बोलले नाहीत. ते ३८ तेवढे एका डब्यात वेगळे ठेवत राहिले.

मग रात्रपाळीची वाट बघितली. बैलहोंगलकडचा पोरगा, त्याच्याशी कन्नडात बोलले. डिसेंबरात त्यानं इन्सर्ट उलटवून बसवलं होतं. खाली चुऱ्याचा कण राहिला, बैठक नीट बसली नाही, इन्सर्ट फुटलं आणि ते धरणारा टूल होल्डरही गेला. पगारातून १५०० रुपये कापले. तेव्हापासून एकही ऑपरेटर इन्सर्ट उलटवायला धजत नव्हता. वरच्या दोन धारा संपल्या की नवीन. त्यात मशिनवरचा दिवा बंद पडलेला, कण दिसणार तरी कसा?

मालकांना सगळं पुढ्यात ठेवून दाखवलं. ते बराच वेळ ३८ कोऱ्या बाजू बघत राहिले. मग म्हणाले, "पण प्रत्येक वेळी रजिस्टर लिहीत बसले तर माल कधी निघायचा?" ही भीती खोटी नव्हती, म्हणून रात्रीपुरतं रजिस्टर ठेवलंच नाही. पाच खणांची एक पेटी केली. संध्याकाळी जाताना मामा पाच नवीन इन्सर्ट मोजून मशिनपाशी ठेवतात. नवीन उचललं की त्याच खणात जुनं टाकायचं, आणि संपलेल्या प्रत्येक धारेशेजारी मार्करनं ठिपका द्यायचा. मामा मराठीत लिहितात, पोरगा कन्नडात. ठिपक्याला भाषा लागत नाही. चावी खिळ्यावरून निघाली. मशिनवर नवा दिवा लागला, बैठक साफ करायला हवेची नळी जवळ आली. आणि इन्सर्ट फुटलं तर पगार कापायचा नाही, हे मी मालकांकडून लिहून घेतलं. पोराचे १५०० परत मिळाले.

मामांची माफी मालकांनी मागायला हवी होती. मागितली नाही. ते मला अजून खटकतं.

मंगळवारी सकाळी परत गेले तेव्हा मामा नुकतेच बसमधून उतरून आले होते. डब्याची पिशवी खांद्यालाच होती. तसेच मशिनपाशी गेले आणि पेटी उघडली. दोन नवीन शिल्लक, तीन जुने. तिन्ही एकेक करून तळहातावर घेतले, उलटेसुलटे केले आणि मला हाक मारली, "बघा ओ मॅडम, चारी ठिपके."