दोनाच्या हट्टातून निघालेला राग

दिवसभर कोड लिहिणारा माणूस संध्याकाळी पेटी किंवा तबला घेऊन बसला की लोक म्हणतात, बरं आहे, डोक्याला तेवढीच विश्रांती. विश्रांती कसली, डोकं तेच असतं आणि खेळही तेच चाललेले असतात, फक्त कीबोर्ड बदललेला असतो.

आता तिहाईच घ्या ना, म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, येऊन थांबणं. तीनतालाच्या 16 मात्रा, पण समेवरून निघून पुढच्या समेवर यायचं तर मोजायच्या 17, कारण ती पुढची समही धरावी लागते (आमच्या धंद्यात याला ऑफ-बाय-वन म्हणतात आणि या एकाने भल्याभल्यांची झोप उडवलीय). मग 'तिट कत गदि गन धा' हा पाच मात्रांचा तुकडा तीनदा वाजवायचा, मधे दोनदा एकेका मात्रेचा दम, झाल्या 17. शेवटचा 'धा' बरोब्बर समेवर! दम न घेता बेदम वाजवायची असेल तर 17 ला तीनने भाग जात नाही, म्हणून तिसऱ्या मात्रेवरून उचलायची की 15 मिळतात. तबलजी हे सगळं बोटांवर करतो, आपण त्या भागाकारातल्या बाकीला मॉड्युलो म्हणतो आणि उगाच भाव खातो.

पण मला खरी मजा येते ती जिथे हिशोब जुळतच नाही तिथे.

शुद्ध पंचम म्हणजे सा च्या कंपनसंख्येच्या दीडपट. त्या पंचमाला सा मानून त्याचा पंचम घ्या, मग त्याचा, असं बारा वेळा चढलं की सात सप्तकं वरच्या सा वर, म्हणजे सातदा दुप्पट केलेल्या सा वर, पोचायला हवं, आणि पोचतो जवळजवळ, अगदी थोडक्यात हुकतो. दीडातले छेदातले बारा दोन पलीकडच्या सात दोनांत मिळवले की उरतो तीनाचा बारावा घात 531441 आणि दोनाचा एकोणिसावा 524288, फरक दीड टक्क्याहूनही कमी पण कानाला कळतो. बारा नाही तर त्रेपन्न वेळा चढा, हजार वेळा चढा, जुळणार नाहीच, कारण तीनाचा कुठलाही घात विषमच आणि दोनाचा समच. झालं सिद्ध. एका ओळीत! ग्रीकांच्या काळापासून वाद्यं लावणाऱ्यांना छळणारा प्रश्न आणि त्याचं कारण शाळेतल्या पोराला समजेल इतकं साधं, असं काही दिसलं की मला गाणं ऐकल्यासारखाच आनंद होतो, लोकांना हे सांगून पटत नाही ते सोडा. पेटीवर मग ही उरलेली चूक बारा पट्ट्यांत सारखी वाटून टाकतात, म्हणून तिथला पंचम 1.5 नसतो, 1.4983 असतो.

आणि कॉम्प्युटरमध्ये 0.1 अधिक 0.2 केलं की 0.30000000000000004 येतं, ज्याला नवीन पोरं बग समजतात, ती या पंचमाच्या भानगडीची सख्खी बहीण. दहामध्ये पाच लपलेला असतो आणि नुसते दोन गुणत बसून पाच कधीच तयार होत नाही, म्हणून एक दशांश बायनरीत, कॉम्प्युटरच्या नुसत्या 0 आणि 1 च्या लिखाणात, संपतच नाही, कुठेतरी कापावा लागतो. तिकडे दोनाचं तीनाशी पटत नाही, इकडे पाचाशी. मूळ संख्यांचा हट्ट, दुसरं काय.

या नादात परवा सहज एक छोटा ट्यूनर, स्वर नीट लागलाय का ते दाखवणारा प्रोग्रॅम, लिहायला घेतला. बाजारातले बरेचसे ट्यूनर पेटीच्या हिशोबाने चालतात, त्यामुळे तंबोऱ्याचा चोख लागलेला पंचम त्यांना दोन सेंट (पेटीच्या लगतच्या दोन स्वरांतल्या अंतराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट) चढा वाटतो, याचा मला कधीपासून राग होता. म्हटलं आपण शुद्ध गुणोत्तरंच घालू: रे 9/8, ग 5/4, म 4/3, प 3/2, ध 5/3, नि 15/8. आता यातले छेद बघा. रे, ग, प, नि यांच्या छेदात फक्त दोनाचे घात, म्हणजे हे चारही बायनरीत तंतोतंत बसतात, एक बिटही इकडेतिकडे नाही. म आणि ध च्या छेदात तीन, ते राऊंड होतात. मशीनला बिनचूक येणारे स्वर तेवढे ठेवले आणि वाजवून बघितले, सा रे ग प नि सां.

चक्क राग हंसध्वनी!